टँक धुतला की आठवड्यात मासे जातात: दर वेळी तेच का होतं आणि नेमकं काय मोजायचं

महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा करायचा, मासे बादलीत काढायचे, रंगीत खडे नळाखाली चोळून धुवायचे, फिल्टरचा स्पंज स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळायचा, काच घासायची आणि नवं पाणी भरून मासे परत सोडायचे. दोन दिवस सगळं छान दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंडं मारायला लागतात, खाणं सोडतात, आणि आठवडा भरायच्या आत एक-दोन जातात. मग कुणीतरी म्हणतं, "पाणी खराब झालंय, बदल की." टँक पुन्हा धुतला जातो. कोल्हापुरात टँक ठेवणाऱ्या कितीतरी घरांत ही तक्रार थोड्याफार फरकाने अशीच ऐकू येते, आणि दोष माशावर, दुकानावर नाहीतर नशिबावर जातो.

यातल्या बहुतेक माशांना कसलाही रोग झालेला नसतो. त्यांनीच कल्ल्यांतून बाहेर टाकलेल्या अमोनियाने ते मरतात. तो अमोनिया साफ करणारे जिवाणू टँकमध्ये असतात, आणि ते आपण दर महिन्याला धुऊन टाकतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, आणि माशाला मारण्याइतका झाला तरी नाकाला कळत नाही. तो मोजावाच लागतो. म्हणून पुढच्या वेळी औषधाची बाटली घेण्याआधी ते पैसे टेस्ट किटमध्ये घाला, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मासा कधी गेला?

कुणी विचारायला आलं की मी आधी एवढंच विचारतो: पाणी बदलल्यावर किती वेळाने? अर्धी उकल इथेच होते.

काही मिनिटांत किंवा तासाभरात मासे सैरावैरा धावले, उड्या मारायला लागले आणि आडवे झाले, तर संशय क्लोरिनवर, तापमानावर किंवा पीएचच्या, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्या मापाच्या, झटक्यावर. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं. ते थेट टँकमध्ये गेलं तर बाकी काही तपासायची गरज नाही. नवीन बांधलेल्या सिमेंटच्या टाकीतलं पाणीही असंच घात करतं, कारण सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून पीएच बराच वर नेतो.

तीन ते दहा दिवसांत मासे मरगळले, तळाशी बसले, कल्ले लालसर किंवा तपकिरी दिसायला लागले, तर अमोनिया किंवा नायट्राइट. वर सांगितलेली तक्रार ही हीच.

आणि टँक महिनोन् महिने नीट चालला होता, कुणी फारसं पाणी बदललं नव्हतं, मग एक दिवस हौसेने बदललं आणि मासे गेले, तर प्रकरण केएचचं, म्हणजे पाण्याच्या आम्लाला तोंड देण्याच्या ताकदीचं आहे. हे सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं, त्यामुळे त्यावर खाली जरा सविस्तर लिहितो.

धुतल्यावर आत काय घडतं

साधा दोन फुटी टँक घ्या, फूटभर रुंद, फूटभर उंच. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर त्यात ५० लिटर पाणी धरायला हरकत नाही. त्यात माशांना एक ग्रॅम दाणे टाकले. दाण्यांत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एका ग्रॅममागे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन टँकमध्ये उतरला. काही भाग माशाच्या अंगाला लागतो, बाकीचा कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात येतो. सगळाच आला असं धरलं तर लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमच्या वर. अमोनियाचं माप टँकमध्ये शून्य असायला हवं, अर्ध्या मिलिग्रॅमला धोक्याची घंटा. म्हणजे एका दिवसाच्या खाण्यात मासे संकटात येऊ शकतात. चालू टँकमध्ये ते येत नाहीत, कारण खड्यांवर, स्पंजवर, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात जिवाणूंच्या वसाहती असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं, कल्ले तपकिरी दिसतात ते त्यामुळे. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसतं, आणि ते आपण पाणी बदलून काढतो.

हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ते पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून अर्धं पाणी बदलल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही. पण खडे नळाच्या क्लोरिनच्या पाण्याने चोळले, उन्हात वाळवले आणि त्याच दिवशी स्पंजही पिळून काढला की वसाहत संपली. मासे तेवढेच, दाणे तेवढेच, साफ करणारं कुणी नाही. तिसऱ्या दिवशीचं दुधाळ पाणी म्हणजे आयत्या अन्नावर झपाट्याने वाढलेले दुसरेच जिवाणू. ते अमोनिया हटवत नाहीत, उलट प्राणवायू खातात. आणि नेमकं तेव्हाच आपण घाबरून टँक पुन्हा रिकामा करतो. दर महिन्याला धुणाऱ्या घरात टँक कितीही वर्षांचा असो, आतून तो कायम नवाच राहतो.

किट कसं वापरायचं

थेंबांचं किट घ्या, पट्ट्यांचं नको. पट्ट्या झटपट असतात, पण बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, म्हणजे जे हवं तेच नाही. शिवाय आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडलेल्या डबीतल्या पट्ट्या लवकर खराब होतात आणि वाटेल ते रंग दाखवतात. पैसे जपून वापरायचे असतील तर अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच ही चार घ्या. नायट्रेट पाचवं.

अमोनियाची टेस्ट अशी. नळी आधी टँकच्याच पाण्याने विसळा. खुणेपर्यंत पाणी भरा, बहुतेक किटमध्ये ती खूण ५ मिलीची असते. रेषा बघताना नळी डोळ्याच्या उंचीवर धरा, वरून वाकून बघितलं तर पाणी कमी-जास्त होतं. बाटली पूर्ण उभी उलटी धरून थेंब मोजा. तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. झाकण लावून हलवा. अंगठ्याने तोंड दाबून हलवू नका, हाताला रसायन लागतं आणि हाताचा मळ टेस्टमध्ये जातो. मग पत्रकात सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून थांबा, आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर नळी ठेवून रंग जुळवा. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि पोपटी वेगळा ओळखता येत नाही, आणि नेमका तोच फरक आपल्याला हवा असतो. पिवळा म्हणजे शून्य. किंचित पोपटी म्हणजे सुरुवात झाली. गर्द हिरवा म्हणजे ताबडतोब हातपाय हलवा.

काही किटमध्ये रंग पिवळ्यापासून तपकिरीकडे जातो. ती नेसलर पद्धत. तिच्यातल्या रसायनात पारा असतो, त्यामुळे लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि वापरलेलं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. हायपो किंवा कंडिशनर (दोन्ही पाण्यातलं क्लोरिन घालवायला टाकतात) टाकल्यावर लगेच ही टेस्ट केली तर ती कधी कधी नसलेला अमोनियाही दाखवते.

नायट्रेटच्या किटची एक खोड आहे. दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसून घट्ट होतं. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही, टेबलावर आपटून तळ मोकळा केला नाही, तर टेस्ट खोटं शून्य दाखवते. नायट्रेट शून्य बघून आनंद झाला असेल तर आधी बाटली हलवून पुन्हा करा.

प्रत्येक बाटलीवरची मुदत बघा. दुकानात उन्हाच्या काचेत वर्षभर पडलेलं किट स्वस्तात मिळालं तरी उपयोगाचं नाही.

आणि टीडीएस मीटर. आरओ बसवायला आलेला माणूस ते पाण्यात बुडवून दाखवतो, म्हणून घरोघरी ते ठाऊक आहे. त्याने पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज येतो, एवढंच. अमोनिया त्यातून कळत नाही. टीडीएस १५० असलेल्या पाण्यात मासे तडफडताना आणि ६०० असलेल्या पाण्यात वर्षानुवर्षं मजेत राहताना बघितलेत मी.

आधी नळाचं पाणी तपासा

हे जवळपास कुणीच करत नाही. टँकचं पाणी मोजलं जातं, पण त्यात जे ओततो ते मोजलं जात नाही. एक ग्लास पाणी नळातून ताजं घ्या आणि पीएच, केएच, अमोनिया, नायट्रेट बघा. दुसरं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून पीएच पुन्हा बघा. दोन आकडे वेगळे आले तर नवल नाही. विशेषतः बोअरच्या पाण्यात जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच वर चढतो. माशांना शेवटी त्या दुसऱ्या पीएचमध्येच राहायचं असतं.

आपल्या कोल्हापूरचं पाणी एकच नाही. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. तिचं पाणी शिंगणापूर आणि बालिंग्याहून उचललं जातं. कळंबा तलाव आहे. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या अखेरीस आली, म्हणजे दुधगंगेचं पाणीही आलं. उपनगरांत आणि आसपासच्या गावांत अजून कितीतरी घरं बोअरवर आहेत. सह्याद्रीच्या पावसावर वाहणाऱ्या या नद्यांचं पाणी सहसा मृदू, केएच कमी. काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी जड, केएच जास्त. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट मुळातच असू शकतं, मग पाणी कितीही बदला, नायट्रेट उतरणार नाही. त्यामुळे राजारामपुरीतल्या मित्राने सांगितलेला उपाय उचगावच्या टँकला लागू पडेलच असं नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात तुरटी जास्त लागते. तुरटीचा प्रत्येक मिलिग्रॅम पाण्यातली जवळपास अर्धा मिलिग्रॅम क्षारता खातो. आधीच मृदू असलेलं पाणी आणखी मृदू होतं. त्याच वेळी जंतूंसाठी क्लोरिन किंवा टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, डोसही वाढतो. म्हणजे मे महिन्यात ज्या नळाच्या पाण्याने काही झालं नाही, त्याच नळाच्या पाण्याने जुलैत मासे जाऊ शकतात. वर्षातून एकदा नळाचं पाणी तपासून भागत नाही. उन्हाळा, भर पावसाळा आणि दिवाळीनंतर असं किमान तीनदा तपासा.

क्लोरिनसाठी ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांची टेस्ट. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतात ती हीच, आणि हे द्रावणही हाताला लागू देऊ नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरावं अशी अपेक्षा आहे. माणसाच्या आरोग्यासाठी ते हवंच, पण माशाच्या कल्ल्यांना तेवढंही पोळतं. उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवलं, त्यात हवेचा पंप सोडला, तर क्लोरिन उडतं. झाकण बंद केलेल्या टाकीत ते तसं उडत नाही, "पाणी टाकीत कालपासून होतं" याला अर्थ नाही. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. दहा ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा, आणि दहा लिटर पाण्याला त्यातलं एक मिली. रोजच्या क्लोरिनला एवढं पुरतं. हायपोने अमोनिया जात नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

महिनोन् महिने चाललेला टँक एका दिवसात का बसतो

केएच म्हणजे पाण्यातली कार्बोनेट क्षारता, आम्लाला तोंड देण्याची पाण्याची ताकद. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल ही ताकद खात राहतं. मघाचाच हिशोब पुढे नेला तर एका ग्रॅम दाण्यांतला सगळा नायट्रोजन नायट्रेट झाला की ५० लिटरच्या टँकचा केएच अर्ध्या अंशाने उतरतो. नदीच्या मृदू पाण्यात केएच मुळात तीन-चारच असेल, तर तो किती दिवस पुरणार? पाणी बदललं नाही की केएच शून्याकडे जातो, पीएच घसरून सहाच्या आसपास येतो, आणि त्या आम्ल पाण्यात जिवाणूही मंदावतात. अमोनिया साठायला लागतो. तरी मासे जगतात! कारण अमोनियाची दोन रूपं आहेत. आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात राहतो, जे माशाला फारसं बाधत नाही. पीएच चढला की त्यातला वाढता हिस्सा मुक्त अमोनिया होतो, आणि मारतो तो हा.

पाचगावात माझ्या मावशीकडे हे अगदी डोळ्यांसमोर घडलं. टँकमध्ये गोल्डफिश, भर टाकायची ती नुसती उडालेल्या पाण्याची, तीही साठवलेल्या पावसाच्या पाण्याने. एक दिवस अर्धं पाणी काढून बोअरचं भरलं आणि तासाभरात मासे आडवे. "अरे, पाणी खराब झालं असेल म्हणून तर बदललं, आणि बदलल्यावरच गेले की रे," असं ती फोनवर म्हणत होती. नशिबाने काढलेलं पाणी झाडांसाठी बादलीत ठेवलेलं होतं. ते मोजलं: पीएच ६.२, केएच जेमतेम, एकूण अमोनिया ४ मिलिग्रॅम. नवं पाणी भरल्यावरच्या टँकचा पीएच ७.८, अमोनिया २. अमोनिया निम्म्यावर आला, तर मासे का गेले? २५ अंश तापमानाला पीएच ६.२ असताना एकूण अमोनियाचा हजारातला एक हिस्साही मुक्त नसतो. ७.८ ला शेकडा साडेतीनच्या आसपास असतो. दोन्हींचा गुणाकार करून बघितलं तर मुक्त अमोनिया जवळपास एकोणीस पट झाला. मावशीने पाणी बदललं यात काही वावगं नव्हतं. एकदम बदलल्याने घात झाला.

असा टँक हाती आला तर आधी दाणे बंद करा आणि टँक व नवं पाणी दोन्हींचा पीएच बघा. फरक अर्ध्या अंशाहून जास्त असेल तर रोज दहा टक्केच पाणी बदला, आठ-दहा दिवस, आणि रोज अमोनिया व पीएच मोजत चला. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर मिळालं तर पहिल्या बदलाच्या आधीच टाका. स्पंजला या काळात हात लावू नका.

केएच कायमचा कमी येत असेल तर दोन उपाय. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून शिंपल्यांचे किंवा पोवळ्याच्या खडीचे तुकडे ठेवा, ते सावकाश विरघळत राहतात. किंवा खायचा सोडा: ५० लिटरला दीड ग्रॅम टाकला की केएच साधारण एका अंशाने वाढतो. दिवसाला एका अंशाहून जास्त वाढवू नका, आणि सोडा टाकायच्या आधी अमोनिया शून्य आहे ना ते बघा, नाहीतर वर सांगितलेलंच संकट आपल्या हाताने आणाल. केएच चारच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. आरओचं निव्वळ पाणी टँकमध्ये भरू नका. त्यात केएच नावालाच असतो.

धुतलाच असेल तर आता काय

आजच टँक धुतला असेल किंवा पाणी दुधाळ झालं असेल, तर पुन्हा रिकामा करू नका. दाणे दोन दिवस बंद, नंतर दिवसाआड अगदी चिमूटभर. मोठे मासे चार-पाच दिवस न खाता सहज राहतात, उपाशी मासा मरत नाही, अति खाऊ घातलेला मरतो. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा. रोज संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट मोजा, वहीत तारखेसकट लिहा. दोन्ही मिळून अर्धा मिलिग्रॅम झाले की तिसरा हिस्सा पाणी बदला. क्लोरिन घालवलेलं, तापमान जुळवलेलं पाणी घ्या, आणि पीएच जुळतो ना ते बघा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. अमोनिया शून्य दिसला म्हणून मोजणं सोडू नका, नायट्राइटचा टप्पा बऱ्याचदा जास्त लांबतो. त्या काळात लिटरमागे एक ग्रॅम जाडं मीठ घातलं तर माशाच्या कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरणं कमी होतं. कोरीसारखे तळाला राहणारे कॅटफिश असतील किंवा जिवंत वनस्पती असतील तर मीठ जपून, त्यांना ते सोसत नाही.

हा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आणायचा एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे: कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज. त्यांच्याच टँकचं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात त्यांचा स्पंज दोन-तीनदा पिळायचा. जे तपकिरी, मातकट पाणी निघतं ते बघून किळस वाटते, पण त्यातच ते जिवाणू असतात. ते पाणी आपल्या फिल्टरच्या तोंडाशी ओतायचं. शक्य झालं तर स्पंजचा एक तुकडाच कापून आणायचा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. त्या टँकमध्ये रोग नाही एवढी खात्री करून घ्या. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण उन्हात पडलेल्या बाटलीत काय जिवंत उरलंय हे आपल्याला कळत नाही. वापरा, पण मोजणं चालू ठेवा.

इथे निळ्या औषधाबद्दल सांगायलाच हवं. मासा मरगळला की दुकानातून मिथिलिन ब्लू हातात येतं. बुरशीवर, अंड्यांवर त्याचा उपयोग आहे. पण मुख्य टँकमध्ये टाकलं तर ते आपल्या याच जिवाणूंना मारतं. अँटिबायोटिकचंही तसंच. अमोनियाने बेजार झालेल्या माशाला हे औषध म्हणजे दुहेरी मार. रोग खरोखर दिसत असेल, अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी, तर मासा वेगळ्या बादलीत काढून तिथे औषध करा.

पुढची साफसफाई आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलून करा. सायफनच्या नळीने खड्यांतला मळ ओढून घ्या, एका वेळी टँकच्या अर्ध्याच भागातला. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टँकच्या पाण्यातच, दोन-तीनदा पिळा. तो तपकिरीच राहू द्या. ज्या दिवशी खडे, त्या दिवशी स्पंज नाही. काचेवरचं हिरवं पुसलंत तर काही बिघडत नाही.

वीज आणि महापूर

वीज गेली की फिल्टर थांबतो. उघड्या स्पंज फिल्टरला काही तास चालतात, बंद डब्याच्या फिल्टरमध्ये मात्र आतला प्राणवायू लवकर संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. वीज बराच वेळ नव्हती तर तो डबा चालू करण्याआधी उघडा, आतलं साचलेलं पाणी ओतून द्या आणि मगच सुरू करा. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असावाच.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराला टँकरवर राहावं लागलं. अशा वेळी प्यायलाच पाणी नसतं, माशांना कुठलं बदलायचं! जुलैच्या सुरुवातीलाच एक बदल उरकून घ्या, केएच बघून ठेवा, आणि नदी इशारा पातळीकडे निघाली की दाणे बंद करा. दाणे नाहीत तर अमोनिया फार वाढत नाही, आणि चाललेला टँक पाणी न बदलता आठवडा-दोन आठवडे निभावतो. नळ पुन्हा सुरू झाल्यावरचं पहिलं पाणी टँकसाठी घेऊ नका, पाइप धुऊन निघू द्या. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं आणि त्यात टीसीएल किती हे कुणी सांगत नाही, म्हणून आधी ओटी, मग पीएच, मग केएच बघा. ओटीचा रंग गडद पिवळा किंवा नारिंगीकडे गेला तर हायपो घालून, दहा मिनिटांनी ओटी पुन्हा करून, रंग आला नाही तरच ते पाणी वापरा, तेही एका वेळी टँकच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको.